नवव्या भागाची शेवटची दोन पानं

आमच्या शाळेतल्या बायकांचा वाचनाचा एक ग्रुप आहे. जानेवारीत प्रत्येकीने वर्षभरात किती पुस्तकं वाचणार तो आकडा टाकायचा आणि जून संपला की अर्ध्या वर्षाचा आढावा द्यायचा, असा नियम. नियम मीच केलेला. सोमवारी ग्रुपवर आठवण आली आणि आमच्यातल्या सगळ्यात तरुण बाईंनी बावीस पुस्तकांचा फोटो टाकला, रंग जुळवून लावलेला. खाली टाळ्यांची रांग लागली. मीही एक टाळी वाजवली आणि फोन पालथा ठेवला.

माझा आकडा तीस होता. वहीत यादी आहे, नीट अक्षरात. पहिली पाच पुस्तकं जाडजूड आणि भारदस्त, वाचल्यावर चारचौघांत सांगता येतील अशी. त्यातलं एकही मी उघडलेलं नाही. सहा महिन्यांत मी एकच मालिका वाचली, नऊ भागांची, आणि तिचीही शेवटची दोन पानं शिल्लक आहेत. ती दोन पानं संपू नयेत म्हणून मी काय काय केलं, ते ग्रुपवर टाकण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. आज गुरुवार. उद्या शुक्रवार, आणि शुक्रवारची मला भीती वाटते.

ही मालिका माझी नव्हेच. ती अक्काची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, शिंदखेड्याला दिलेली. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि मी पुढे शिकले, शिक्षिका झाले, जळगावला पिंप्राळ्यात घर बांधलं. पण मला वाचायला शिकवलं ते तिने. चुलीपुढे बसून ती पुड्यांचे कागद माझ्यापुढे टाकायची, भाकरी थापता थापता ऐकायची आणि चुकलं की दोन बोटं जुळवून चिमटा दाखवायची. पुढे तिच्या सासरी गावात वाचनालय निघालं, तेव्हा घरात सर्वांत जास्त पुस्तकं तिनेच आणली. दुपारी सगळे वावरात गेले की धान्याच्या कोठीमागे बसून वाचायची.

त्या मालिकेत समुद्राकाठच्या एका गावात धक्क्याजवळ खाणावळ चालवणारी एक विधवा बाई आहे. जेवायला येणाऱ्यांच्या बोलण्यावरून ती लोकांच्या चोऱ्यामाऱ्या आणि लपवाछपवी शोधून काढते. दर भागात एक प्रकरण. पण सगळ्या भागांतून जाणारा धागा वेगळाच: तिचा धाकटा भाऊ बोटीवर गेला तो आला नाही. येईल की नाही, हे नवव्या भागात कळतं. अक्काने पहिले सहा भाग वाचले होते. पुढचे गावात आलेच नाहीत, आणि मग साखरेने तिचे डोळे नेले. मी या पुस्तकांना नाक मुरडायचे. साहित्य वाचणारी ना मी. खाणावळवालीच्या गोष्टी कशाला वाचेन?

गेल्या डिसेंबरात अक्काच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते सहा, धुळ्याच्या दवाखान्यात डायलिसिस. जिजाजी तिला शिंदखेड्याहून घेऊन यायचे, मशीनला लावायचे, परत न्यायचे. पाणी मोजून प्यायचं. केळी बंद. आम्ही जळगावकडची माणसं, आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी केळं देतात, आणि अक्काच्या पुढ्यातून केळ्यांची फणी उचलून ठेवायची वेळ आली. महिनाभर तिने सोसलं. जानेवारीत एका मंगळवारी ती गाडीत बसलीच नाही. जिजाजींनी मला फोन केला आणि एवढंच सांगितलं की ही येत नाही म्हणते, तू ये.

मी दुपारची गाडी पकडली. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं, मला काहीच दिसत नव्हतं. अक्का ओसरीवर बसली होती, सुजलेले पाय पुढे करून, हातावरच्या सुयांच्या जागा पदराने झाकून. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. रडले. रागावले. तिला स्वार्थी म्हणाले, हे लिहायला लाज वाटते, पण म्हणाले. मग तिने मला विचारलं की त्या खाणावळवालीचा भाऊ आला का गं शेवटी, तू तर शहरात राहतेस, तुला माहीत असेल.

मला माहीत नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार, मी ती काडी धरली. मी म्हणाले, सगळे भाग मिळवते, पहिल्यापासून वाचून दाखवते, फोनवरून. पण तू मशीनवर असशील तेव्हाच. एरवी एक ओळ वाचणार नाही. अक्काने हातावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली,

"भाऊ परत येस का नही, तितलं समजू दे. मंग माले कोणी काही सांगानं नही."

मी हो म्हणाले. जिजाजी दारात उभे होते, तेही हो म्हणाले. त्या क्षणी मला नऊ भाग म्हणजे डोंगर वाटले. नऊ भाग, माझी माय, जन्म जाईल! घरी येऊन मी वहीतल्या तीस पुस्तकांच्या यादीवर वरच्या बाजूला लिहिलं: आधी हे नऊ. आणि फार दिवसांनी शांत झोपले.

आमच्याकडे गोष्ट सांगायची एक रीत आहे. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. दोन-चार वाक्यं झाली की "हं". हुंकारा थांबला की सांगणाऱ्याने थांबायचं, कारण ऐकणारा झोपला तरी किंवा रुसला तरी. लहानपणी अक्का मला गोष्ट सांगायची तेव्हा मी हुंकारा विसरले तर ती तिथेच गोष्ट सोडून भांडी घासायला जायची. आता उलटं झालं. शाळा बाराला सुटायची, मी घरी येऊन जेवायचे, खोलीचं दार लावायचे आणि दोन वाजता फोन लावायचे. जिजाजी तिच्या कानात इयरफोन घालायचे. मी वाचायचे. पलीकडून मशीनची घरघर, सिस्टर कुणाचं तरी वजन विचारताहेत तो आवाज, आणि त्यातून अक्काचा हुंकारा. तो आला की मी पुढचं वाक्य घ्यायचे. तो हुंकारा हाच माझा रिपोर्ट होता. डॉक्टरांचे कागद मला कळत नसत, "हं" कळायचं.

पहिले तीन आठवडे मी खुशीत होते. वाचायला मला आवडतं, आणि मनातली गोष्ट सांगायची तर खाणावळवालीही आवडायला लागली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुसरा भाग मिटला आणि मी सवयीने वहीत खूण केली. दोन. खूण करताना हात थांबला. तीन आठवड्यांत दोन. मुलांना रोज गणितं घालणारी बाई मी, आणि हे साधं गणित मला जानेवारीत सुचलं नव्हतं. एप्रिलअखेर नऊही भाग संपणार होते. संपले की अक्का गाडीत बसणार नव्हती, आणि मी तिला तसा शब्द दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अक्का बोलल्याप्रमाणे वागणारी बाई आहे. लग्नात कुणीतरी आमच्या बापाला उणा शब्द बोललं, त्या घरचं पाणी ती आजवर प्यालेली नाही. तिला समजावून उपयोग नव्हता. मग मी दुसऱ्या मार्गाला लागले.

आधी सावकाश वाचायला लागले. खोकला काढला. नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवायचे आणि दहा मिनिटांनी लावायचे. दर वेळी सुरुवातीला मागचं काय झालं ते सांगण्यात अर्धा तास घालवायचे. असं करून महिनाभर रेटलं, पण पुस्तक सरतच होतं. मार्चमध्ये चौथ्या भागात एक दिवस प्रकरण लवकर संपलं, घड्याळात साडेचारच वाजले होते, आणि मी पुस्तक मिटून वाचत राहिले.

म्हणजे डोळ्यांपुढे काही नव्हतं, तरी बोलत राहिले. खाणावळीत भांडी घासणारी एक मुलगी होती, पुस्तकात तिला दोनच वाक्यं होती. मी तिचं लग्न जमवलं. स्थळ पाहिलं, मानपान काढले, हळद लावली, वरात आणली. सहा वाजेपर्यंत पुरलं. अक्काचा हुंकारा नीट येत होता. फोन ठेवला तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती. मला वाटलं, अक्काने हे भाग वाचले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, तिच्या काय लक्षात राहणार?

त्यानंतर मला चटकच लागली. चटक म्हणजे मजा नव्हे. सोमवारी आणि गुरुवारी उद्याचे चार तास कसे भरायचे तेच डोक्यात. शाळेत मुलांना कविता शिकवताना मी मनात खाणावळीत नवीन गिऱ्हाईक आणत असायचे. कणीक मळताना बोटी बुडवायचे. यजमान एकदा म्हणाले की तू स्वतःशी बोलतेस, डॉक्टरला दाखव. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की दोन दिवस ते बाहेरच चहा प्यायला जात होते. सहाव्या भागात चाळीसेक पानं माझी होती. सातव्यात मूळ पुस्तक किती आणि मी किती, ते मलाही सांगता येणार नाही. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, तोही शाळेच्या सहलीबरोबर, मुलं मोजत. पण रेटून सांगत होते.

आठवा भाग जळगावात कुठे मिळेना. मी चार वाचनालयं फिरले. लोकांना वाटलं, काय ही बाईची वाचनाची तळमळ. आतून मी देवाला म्हणत होते, मिळू देऊ नको. पुस्तकच मिळालं नाही तर शब्द मोडल्याचं पाप माझ्यावर नाही, अक्काला थांबावंच लागेल, आणि थांबायचं तर मशीनवर येत राहावं लागेल. मे महिन्यात भर उन्हात धरणगावहून एका ग्रंथपालांचा फोन आला. मी कधीतरी त्यांना विचारून ठेवलं होतं. बिचारे माळ्यावर चढले होते, गठ्ठे सोडले होते, आणि आनंदाने सांगत होते की बाई, आठवा सापडला आणि त्याच्याखाली नववाही आहे. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर त्या भल्या माणसाचा मला असा राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन ताट आपटलं.

नववा भाग हातात आला तशी मी शेवटची पानं वाचून काढली. अक्काचा नियम होता की शेवट आधी बघायचा नाही. मी तो मोडला. भाऊ येतो की नाही ते मला कळलं. ते इथे लिहीत नाही. अक्काच्या आधी कुणाला कळणं बरं नाही.

शेवट कळल्यावर माझी अवस्था आणखी वाईट झाली. रात्रंदिवस एकच विचार: शेवट बदलता येईल का? भाऊ अजून एका बंदरात दिसला असं सांगता येईल का? दहावा भाग निघाला अशी थाप मारता येईल का? मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी मी, वहीच्या मागच्या पानावर दहाव्या भागाचा आराखडा लिहीत बसले. ती वही यादीचीच. पुढे तीस पुस्तकं आणि मागे माझं खोटं.

जूनच्या मध्यावर, शाळा उघडल्या त्या आठवड्यातला शुक्रवार. नववा भाग सुरू होऊन दोन बैठका झाल्या होत्या आणि मी पुन्हा पुस्तक मिटलं होतं. खाणावळीत धक्क्यावरच्या माणसांची पंगत बसवली होती. पंगतीला काय करावं? सुचेना, आणि हुंकारा वाट पाहत होता. मी खाणावळवालीला अंगणात आणलं, काड्या पेटवायला लावल्या, हिरवी मोठी वांगी त्या जाळावर टाकली. मग मला रंग चढला. वांग्याची सालं काढली, लाकडी बडगीत ठेचली, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या. मला स्वतःलाच भूक लागली. मी बोलत गेले, बोलत गेले, आणि कधीतरी लक्षात आलं की बराच वेळ हुंकारा आलेला नाही.

मी थांबले. हाक मारली. मशीनचा आवाज वेगळा येत होता, काहीतरी वाजत होतं. कुणीतरी पलंग खाली करा म्हणालं. जिजाजींचा आवाज लांबून, तिच्या नावाने. मग फोन कशावर तरी पडला आणि बंद झाला.

वीस मिनिटं मी त्या खोलीत होते. जिजाजींना फोन लावत होते, ते उचलत नव्हते. मी देवाला काही म्हणाले नाही. मला एकच वाटत होतं, की तिने शेवटचं ऐकलं ते माझं खोटं. चाळीस-पन्नास वर्षं जिने मला फसवलं नाही तिला मी चार महिने फसवलं, आणि ती तशीच गेली. मी जमिनीवर बसले होते आणि बसल्या बसल्या पुढे-मागे हलत होते.

मग जिजाजींचा फोन आला. बीपी एकदम खाली गेलं होतं, पाय वर केले, सलाइन दिलं, आता बरी आहे, बोलायचं म्हणते. अक्काचा आवाज आला, फार बारीक, पण तिचाच.

"समिंदरना काठवर कपाशीन्या काड्या कोठून उन्यात वं?"

वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात हे मला इतकं अंगवळणी होतं की मी बोलताना कपाशीच म्हणाले होते. आमच्याकडे भरीत दुसऱ्या कशावर भाजलं तर त्याला भरीत म्हणत नाहीत. समुद्राकाठी कपाशी नसते, ती अक्काच्या वावरात असते, हे डोक्यातच आलं नाही. जगात कुठेही वांगं भाजायचं तर काड्या कपाशीच्या, असंच मी धरून चालले होते.

अक्का थांबून थांबून बोलत होती. "चवथा भागमा त्या पोरनं लगीनबी तूच लाई दिधं. माले बठ्ठं समजस."

तिला पहिल्यापासून कळलं होतं. सहाही भाग तिला पाठ होते, पंचवीस वर्षं झाली म्हणून काय झालं, तिला दुसरं होतं काय वाचायला. माझं खोटं ती हुंकारा देऊन ऐकत आली होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती थकले आहे म्हणाली. आणि मग तिने माझ्याकडून दुसरा शब्द घेतला, की नववा भाग जसा शे तसा वाच, त्यात तू येऊ नको. तिला खरं ऐकायचं होतं. मी हो म्हणाले. आधीचा शब्द मी वाकवला होता, हा वाकवणं मला शक्य नव्हतं.

त्यानंतर मी फोनवरून वाचलं नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धी रजा टाकायचे, एसटीने धुळ्याला जायचे. हेडमास्तर एकदा काहीतरी बोलणार होते, माझं तोंड पाहून त्यांनी अर्जावर सही केली. पारोळ्यापर्यंत मी पान उघडत नसे, पारोळ्यानंतर त्या दिवशी वाचायची पानं मोजायचे. कमी होत होती. पलंगाशेजारी स्टुलावर बसून वाचायचे आणि मोकळा हात तिच्या डाव्या हातावर ठेवायचे. तिथे शीर जोडून घेतलेली आहे, बोट लावलं की आत रक्त घरघरतं. ती घरघर बोटाला लागली की मला पुढची ओळ दिसायची. मी एकही शब्द घातला नाही. एक सोडलाही नाही. पानागणिक मी बहिणीला दारापर्यंत पोचवत होते आणि ते मला माहीत होतं. वाचताना आवाज फाटायचा. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना वाटायचं, पुस्तक फार करुण आहे.

परवा मंगळवारी शेवटचं प्रकरण होतं. धक्क्यावर बोट लागली आहे, लोक उतरताहेत, खाणावळवाली हात पुसत दारात आली आहे. पाच वाजले होते. मला पुढची दोन पानं पाठ होती. मी डोळे पुसले, पान उलटलं. अक्काचा हुंकारा आला नाही. माझा जीव गेला. पण बोटाखाली घरघर चालू होती. ती जागी होती, तोंड माझ्याकडे वळवून.

"थांब," म्हणाली. "दोन पानं ऱ्हाऊ दे. शुक्करवारले वाच."

जिजाजी पायथ्याशी बसले होते, त्यांनी मान खाली घातली. सहा महिने जिच्या तोंडून हे ऐकायला मी तडफडले, तिने ते सांगितलं आणि मला आनंद झाला नाही. मी लगेच हिशेबच केला. दोन पानं म्हणजे एक शुक्रवार. शुक्रवार उगवेल, ती येईल, दोन पानं होतील, मग? मला इतका संताप आला. मी आमच्या बोलीत तिला म्हणाले की दोन पानं सात मिनिटमा व्हतीन, बाकीना टाइमले मी काय करू? जरा मोठ्यानेच म्हणाले. सिस्टरने वळून पाहिलं.

अक्काने उजव्या हाताने माझा हात चाचपला. चिमटा दाखवायची तशी दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली.

"वांगा भाज," ती म्हणाली. "काड्या मना वावरमाईन लई जा."